घटस्फोट झाला, मुलं मोठी झाली, आता विल कसं करायचं

कोर्टाचा निकाल हातात आला त्या दिवशी मला वाटलं, संपली कागदपत्रं एकदाची. मग सहा वर्षांनी घर रंगवायला काढलं, कपाट रिकामं केलं आणि तळाच्या खणात एक खाकी पाकीट सापडलं, त्यात आम्ही दोघांनी २००९ साली एकत्र केलेलं मृत्युपत्र, मी आधी गेले तर सगळं "माझे पती" यांना, ते आधी गेले तर सगळं मला, आणि दोघंही नसलो तर मुलांना. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या, त्यातले एक काका आता हयातही नाहीत. मी तिथेच फरशीवर बसले, कारण तोवर माझी पक्की समजूत होती की घटस्फोट झाला म्हणजे असलं सगळं आपोआप रद्द होत असणार.

होत नाही. इंग्लंडमध्ये कायद्यातच सोय आहे, तिथे घटस्फोट झाला की विलमधला जुन्या जोडीदाराचा हिस्सा गळतो, जणू तो माणूस आधीच वारलाय, आणि आपण नेटवर वाचतो ते बरंचसं तिकडचं असतं म्हणून गैरसमज होतो. आपल्याकडचा कायदा म्हणजे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चा. त्यात विल रद्द कसं होतं ते दिलंय: नवीन विल किंवा पुरवणी (विलमध्ये छोटा बदल करायचा जोडकागद) करून, किंवा विलसारख्याच सही-साक्षीदारांनिशी "रद्द केलं" असं लिहून, किंवा रद्द करायच्या इराद्यानेच ते फाडून-जाळून. घटस्फोट त्या यादीत कुठे नाहीये. म्हणजे जुनं विल असेल आणि त्यात नाव घालून दिलेलं असेल तर ते तसंच उभं आहे असं धरून चाला. आणि नुसतं फाडूनही थांबू नका, त्याची एखादी प्रत कोणाकडे असते, नोंदणी केली असेल तर सरकार दरबारी असते, मग तुम्ही ते कधी आणि का फाडलं हे सांगायला तुम्ही नसणार आणि मुलं भांडत बसणार. सरळ नवीन करायचं आणि पहिल्याच परिच्छेदात आधीची सगळी रद्द करायची. आमच्यासारखं एकत्र विल असेल तर दोघं हयात असताना आपापल्यापुरतं रद्द करता येतं, फक्त मला वकिलांनी सांगितलं की समोरच्याला लेखी कळवून ठेवा. मी दोन ओळींची ईमेल केली, त्यांचं "ठीक आहे" आलं, प्रिंट काढून फाइलला लावली.

मी वकील नाही हो, अकाउंट्समध्ये तीस वर्षं काढली, त्यामुळे कागदाची भीती नाही एवढंच. कच्चा मसुदा मी स्वतः लिहिला आणि वकिलांकडून तपासून घेतला, तुम्हीही तसंच करा, कारण सगळं घरबसल्या करण्यात जी बचत होते ती पुढे मुलांच्या खिशातून जाते.

आता पहिला प्रश्न सगळे विचारतात तो, विल नाहीच केलं तर काय होईल? हिंदू असाल (बौद्ध, जैन, शीख यात धरलेत) तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो. घटस्फोटित बाई गेली तर मुलगा आणि मुलगी, सगळ्यांना समान, नवऱ्याचा हक्क उरलेला नसतो कारण तो आता नवराच नाही. घटस्फोटित पुरुष गेला तर मुलगे, मुली आणि त्याची आई, ती हयात असेल तर तिलाही मुलांइतकाच वाटा. हे आईचं बऱ्याच पुरुषांना माहीतच नसतं. आणि पुढे आई विल न करता गेली की तिचा तो वाटा तिच्या सगळ्या मुलांत जातो, म्हणजे तुमच्या भावाबहिणींत, आणि मग तुमच्या एका फ्लॅटचे तुमची मुलं, काका आणि आत्या असे मालक, काय गंमत होईल बघा. आईची सोय करायचीच असेल (करावीच) तर विलमध्ये तिला हयातभर राहायचा हक्क किंवा दरमहा रक्कम असं नेमकं लिहा.

आणि एक, केस अजून चालू असेल, निकाल लागायचाय, तर कायद्याने तुम्ही अजून नवरा-बायकोच आहात. उद्या काही झालं तर समोरची व्यक्ती पहिल्या रांगेतली वारस. त्यामुळे निकालाची वाट बघत बसू नका, वेगळं राहायला लागल्या दिवशी विल करा, निकाल लागल्यावर परत करा. विल कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं असतं ते खरं.

बाकी धर्मांचे नियम वेगळे आहेत ते थोडक्यात सांगते. ख्रिश्चन आणि पारशी लोकांत तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर आधीचं विल आपोआप रद्द होतं, हिंदूंना तो नियम नाही. मुस्लिम असाल तर साधारण एक तृतीयांशापर्यंतच विलने देता येतं आणि तेही वारस नसलेल्याला, वारसालाच जास्त द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. आणि गोव्याची गोष्टच निराळी, तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे आणि त्यावर बेतलेला २०१२ चा उत्तराधिकार कायदा, त्यात मुलं असतील तर निम्मी मालमत्ता मुलांचीच, ती विलने दुसऱ्या कोणाला देता येत नाही, उरलेल्या निम्म्यावर तुमची मर्जी. सावंतवाडीत राहून पेडण्यात घर असणाऱ्यांनी हे तिथल्या वकिलाला विचारूनच करा.

आता कामाला लागू. आधी वही घ्या आणि दोन रकाने पाडा, "माझं" आणि "माझं वाटतं पण कागदावर नाही". खरी मेख दुसऱ्या रकान्यात असते. माझ्या बाबतीत फ्लॅट. संमतीने घटस्फोट घेतला तेव्हा कन्सेंट टर्म्समध्ये स्पष्ट लिहिलं होतं की फ्लॅट पत्नीकडे राहील, पती हक्क सोडतील. छान. पण नुसतं लिहून झालं, पुढचं कोणी केलंच नाही, म्हणजे हक्कसोडपत्र नोंदवायचं राहिलं आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर दोन्ही नावं तशीच. वकील मला म्हणाले, ताई, तुम्ही आख्खा फ्लॅट लेकीला देताय खरं, पण कागदावर अर्धाच तुमचा दिसतोय. तर विलच्या आधी हे उरका: इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला फ्लॅटच्या व्यवहाराचा उतारा) काढा, शेअर सर्टिफिकेट बघा, कन्सेंट टर्म्स आणि निकालाची प्रमाणित प्रत घ्या, आणि अटींप्रमाणे जे हस्तांतरण व्हायचं होतं ते खरंच नोंदणीसकट झालंय का तपासा. समोरची व्यक्ती हयात आहे आणि सही करायला तयार आहे तोवर हे सोपं आहे. माझं तीन महिन्यांत झालं, पण तेही आमचं बोलणं बरं आहे म्हणून.

उलट बाजूनेही बघा. निकालात पोटगीसाठी तुमच्या घरावर किंवा जमिनीवर बोजा चढवला असेल तर तो बोजा घरासोबत मुलांकडे जातो. तो विलमध्ये लपवू नका, लिहा.

वडिलोपार्जित असेल तर त्यात तुमचा जेवढा वाटा तेवढाच तुम्ही विलने देऊ शकता. आणि मुलींनो, म्हणजे माझ्या वयाच्या बायांनो, तुमच्या वडिलांच्या एकत्र कुटुंबाच्या जमिनीत तुमचाही वाटा असू शकतो. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना तो दिला (त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या होत्या), २००५ ला देशभर झालं, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडील २००५ साली हयात असोत-नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनच. सातबाऱ्यावर भावाचंच नाव आहे म्हणून सोडून देऊ नका, आणि वाटणी झाली नसली तरी "माझ्या वाट्याला जे येईल ते" असं विलमध्ये लिहिता येतं. भावांशी हक्कसोडपत्र करून बसला असाल तर विषय संपला.

नावाची भानगड ही खास आपल्या बायकांची. फ्लॅटच्या करारावर माझं सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं (घटस्फोटानंतर बदललं), एका जुन्या एफडीवर नुसतं नाव आणि नवऱ्याचं नाव, आणि पासपोर्टवर आणखी तिसरंच कॉम्बिनेशन. विलच्या पहिल्या ओळीत हे सगळं "उर्फ" लावून लिहा, अमुक उर्फ तमुक, आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची म्हणजे माझी आहेत असं एक वाक्य टाका. गॅझेटमध्ये नाव बदललं असेल तर त्याचा नंबर-तारीखही. नाहीतर पोरांना बँकेत "या बाई म्हणजे त्याच बाई" हे सिद्ध करत फिरावं लागतं.

मग नॉमिनेशन, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणारे, कारण लोक विल करतात आणि इथे झोपतात. मी एका बँकेत सगळे नॉमिनी तपासायला गेले, काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे बघून सहज विचारलं, "मिस्टरच ठेवायचेत ना मॅडम?" सहा वर्षं झाली होती. पाच खात्यांपैकी तीनमध्ये मिस्टरच होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे हातात घेणारा, खरे हक्कदार विलप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरतात. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही हेच आहे असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. पण व्यवहारात काय होतं, बँक पैसे नॉमिनीला देऊन मोकळी होते, आणि मग तुमच्या लेकरांनी आपल्याच बापाकडे किंवा आईकडे जाऊन "ते पैसे आमचे" म्हणायचं, म्हणजे तुमच्या पश्चात पुन्हा एक घटस्फोट. विम्याचं तर जास्त जपून, तिथे २०१५ पासून तरतूद आहे की नॉमिनी जोडीदार, मुलं किंवा आईवडील असतील तर पैसे त्यांचेच मानले जातात, त्यामुळे जुनं नाव ठेवलंत तर वादाला आयतंच निमित्त. एमडब्ल्यूपी म्हणजे मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी कायद्याखाली काढलेली पॉलिसी असेल (नवरा बायकोमुलांसाठी काढतो ती) तर तिचे लाभार्थी नंतर बदलता येत नाहीत आणि ती विलमध्येही येत नाही, तिला यादीतून वगळा.

तेव्हा बँक, पोस्ट, पीपीएफ, पीएफचं ई-नॉमिनेशन, ग्रॅच्युइटी अजून नोकरीत असाल तर, डिमॅट, फंड, विमा, लॉकर, सोसायटी, सगळीकडे एकेक करून नाव बदला आणि विलमधल्या नावांशी जुळवा. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात, टक्केवारीसकट, म्हणजे दोन मुलं असतील तर पन्नास-पन्नास लिहून टाका. सोसायटीत नॉमिनीला आता तात्पुरता सभासद म्हणून घेतात, खरा वारस किंवा विलप्रमाणे हक्क असलेला येईपर्यंत. संयुक्त खातं आणि संयुक्त लॉकर उरलं असेल तर बंद करा. आमच्या लॉकरची दुसरी किल्ली सहा वर्षं त्यांच्या देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये होती म्हणे, आत माझ्या आईच्या पाटल्या.

आता मुलं. अल्पवयीन मुलं असतात तेव्हा प्रश्न पालकत्वाचा असतो, मोठ्या मुलांच्या बाबतीत तो नाही, पण मोठ्या मुलांना मतं असतात. माझा मुलगा तीस, लेक सत्तावीस. मुलगा बापाशी जास्त बोलतो, लेक माझ्याशी, आणि मी कबूल करते की पहिल्या मसुद्यात मी हिशोब चुकता करायला बसले होते. वकिलांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, हे विल आहे का तक्रार अर्ज? मग ते फाडलं आणि पुन्हा लिहिलं.

समान द्यायचं का कमीजास्त, तो तुमचा प्रश्न, स्वकष्टार्जित असेल तर कायदा अडवत नाही (गोव्याचं आणि मुस्लिम कायद्याचं वर सांगितलंच). पण कमीजास्त असेल तर कारण एका वाक्यात लिहा, नुसतं एका वाक्यात, आरोप न करता. माझ्याकडचं उदाहरण, मुलाला घर घेताना मी बारा लाख दिले होते, तेव्हा "दे सावकाश" म्हटलं आणि नंतर कोणीच विषय काढला नाही. हे उसने होते की दिले होते? मी गेल्यावर लेक म्हणणार त्याला आधीच मिळालेत, मुलगा म्हणणार ती आईची भेट होती, आणि दोघंही खरं बोलत असणार. म्हणून मी लिहिलं की मुलाला अमुक साली दिलेली रक्कम ही त्याला दिलेला त्याचा हिस्सा समजावा, ती परत मागू नये, आणि ती विचारात घेऊनच खालची वाटणी केली आहे. फोनवर त्याला हे वाचून दाखवलं तेव्हा जरा वेळ शांतता होती, मग म्हणाला, बरं झालं लिहिलंस, मला कायम वाटायचं ताण येतोय त्याचा.

एखाद्याला काहीच द्यायचं नसेल तर त्याचं नाव टाळू नका. नाव नसलं की तो म्हणणार आई विसरली, डोकं ठिकाणावर नव्हतं. "मुलगा अमुक याला मी हयातीत पुरेसं दिलं असल्याने या विलद्वारे काही देत नाही", असं नाव घेऊन लिहा.

एकच फ्लॅट आणि दोन मुलं असतील तर "दोघांना अर्धा अर्धा" हे ऐकायला गोड आहे पण एक पुण्यात आणि एक डॅलसमध्ये असेल तर तो फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूप लावून पडतो. पर्याय लिहून ठेवा: एकाला फ्लॅट आणि दुसऱ्याला एफडी-फंड, किंवा विकून पैसे वाटायचे, किंवा एकाला विकत घ्यायचा पहिला हक्क, किंमत सरकारमान्य व्हॅल्युअरकडून काढायची आणि सहा महिन्यांत निर्णय. परदेशात असणाऱ्या मुलाला वारशाने घर किंवा शेतजमीनसुद्धा घेता येते, आणि विकून आलेले पैसे वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. वारशावर आपल्याकडे कर नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ लाच गेली, विकताना मात्र भांडवली नफ्याचा कर लागतो आणि तुमची खरेदी किंमत धरतात, म्हणून जुना करार आणि पावत्या जपा.

आणि एक मुद्दा जो मला कोणी सांगितला नव्हता, वकिलांशी बोलता बोलता निघाला. समजा माझ्या मागे फ्लॅट मुलाला गेला आणि देव न करो, तो लग्न-मूल काही नसताना, विल न करता गेला. आई आधीच गेलेली, मग त्याचा पुढचा वारस कोण? वडील. म्हणजे मी एवढा खटाटोप करून फ्लॅट फिरून तिकडेच. माझ्या मनात त्यांच्याविषयी राग वगैरे नाही, पण ते घर मी माझ्या पीएफमधून फेडलंय. त्यावर उपाय एवढाच की मोठ्या मुलांनाही त्यांचं स्वतःचं छोटं विल करायला सांगा. आमच्याकडे दोघांनी केलं, लेकीने "मम्मी तू अती करतेस" म्हणत केलं. शिवाय तुमच्या विलमध्येही लिहा की मुलगा किंवा मुलगी माझ्या आधी गेले तर त्यांचा वाटा त्यांच्या मुलांना, मुलं नसतील तर दुसऱ्या भावंडाला.

पुन्हा लग्न केलंय किंवा करायचंय त्यांच्यासाठी: नवीन जोडीदार कायद्याने तुमच्या मुलांच्या बरोबरीचा वारस होतो, आणि मोठी मुलं इथेच बिथरतात. साधारण बरा मार्ग म्हणजे जोडीदाराला हयातभर त्या घरात राहायचा हक्क, घर विकायचा किंवा कोणाला द्यायचा नाही, आणि नंतर मालकी मुलांची, मेंटेनन्स आणि टॅक्स कोणी भरायचा तेही लिहून. लग्न न करता सोबत राहत असाल तर जोडीदाराला वारसा कायद्याने काहीच मिळत नाही, त्याला किंवा तिला काही द्यायचं तर विल हाच रस्ता.

आता प्रत्यक्ष लिहायचं. स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्कही नाही, साध्या ए-फोर कागदावर, मराठीत, टाइप केलेलं किंवा हाताने लिहिलेलं, चालतं. सुरुवात साधारण अशी: मी अमुक उर्फ तमुक, वय अमुक, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे माझं शेवटचं मृत्युपत्र करून ठेवत आहे, यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे आणि पुरवण्या (तारीख माहीत असेल तर तारखेसकट) मी रद्द करत आहे. मग घटस्फोटाचा उल्लेख करा, कुटुंब न्यायालय कुठलं, अर्जाचा नंबर, निकालाची तारीख, आणि पूर्वाश्रमीच्या पतीचा किंवा पत्नीचा माझ्या मालमत्तेवर कोणताही हक्क नाही आणि मी त्यांना काही देत नाही. (द्यायचं असेल तर द्या की, लोक देतात, फक्त "माझी पत्नी" असं न लिहिता नाव लिहा.) मग मुलांची पूर्ण नावं आणि जन्मतारखा, मग मालमत्ता एकेक करून, फ्लॅटचा नंबर, मजला, चौरस फूट, सोसायटीचं नाव, सर्व्हे नंबर, बँकेचं नाव आणि शाखा. एफडीचे नंबर मी टाकले नाहीत, त्या मोडतात, रिन्यू होतात, मग विल जुनं पडतं, "अमुक बँकेतील माझी सर्व खाती आणि ठेवी" पुरे. दागिने मात्र नेमके लिहा, "आईच्या पाटल्या लेकीला, मोहनमाळ सुनेला", भांडणं फ्लॅटपेक्षा मोहनमाळेवरून जास्त होतात. आणि सगळ्यात शेवटी एक झाडणी वाक्य, वर न लिहिलेली किंवा यापुढे मिळणारी जी काही मालमत्ता असेल ती दोघांना समान.

व्यवस्थापक नेमा, ज्याला एक्झिक्युटर म्हणतात. मोठी मुलं असतील तर त्यातलाच एक चालतो, हिस्सा मिळणारा माणूस व्यवस्थापक असायला हरकत नाही. पण मुलांचं आपापसात ताणलेलं असेल तर तिसरा कोणीतरी, मावसभाऊ, जुनी मैत्रीण, आणि वयाने लहान, पंचाहत्तरीच्या मामांना नेमून काय उपयोग. त्यांना आधी विचारा, आणि एक पर्यायी नाव द्या.

सही आणि साक्षीदार, इथे चूक करू नका. तुम्ही दोन साक्षीदारांच्या समोर सही करायची आणि त्यांनी तुमच्या समोर. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड झाली तर तिथे तुमची आणि दोघांचीही सही, त्यापेक्षा पान परत प्रिंट करा. साक्षीदाराला आत काय लिहिलंय ते कळायची गरज नाही. ज्याला काही मिळणारे त्याला आणि त्याच्या नवऱ्या-बायकोला साक्षीदार करू नका, ख्रिश्चन-पारशी लोकांत तर त्याने त्यांचा हिस्साच रद्द होतो, हिंदूंना ते कलम लागू नसलं तरी कोर्टात दिसायला वाईट दिसतं. साक्षीदार तुमच्यापेक्षा दहा-वीस वर्षांनी लहान, सहज सापडणारे घ्या, कारण वाद झाला तर त्यातल्या एकाला तरी कोर्टात उभं राहून सांगावं लागतं. मी फॅमिली डॉक्टरांनाच एक साक्षीदार केलं आणि त्याच तारखेचं "मानसिकदृष्ट्या सक्षम" असं सर्टिफिकेट घेतलं, साठीच्या पुढे असाल तर हे कराच. आणि ज्या मुलाला जास्त मिळणारे त्याला या सगळ्यातून लांब ठेवा. त्याने वकील शोधला, त्याने टाइप केलं, त्याने गाडीतून नेलं, असं झालं की कोर्ट संशयाने बघतं. मी रिक्षाने गेले.

नोंदणी सक्तीची नाही. न नोंदवलेलं विलही पूर्ण कायदेशीर असतं आणि नंतरचं साधं विल आधीच्या नोंदवलेल्याला रद्द करू शकतं. तरी मी नोंदवलं, घटस्फोट झालेल्या घरात दोन्हीकडचे नातेवाईक असतात आणि "ही सही तिची नाहीच" म्हणणारा एक जण निघतोच. दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं, आधी ऑनलाइन डेटा एंट्री करून त्याची प्रिंट न्यायची, तुमचं आणि दोन्ही साक्षीदारांचं आधार-पॅन, फोटो तिथेच वेबकॅमवर काढतात, अंगठा मशीनवर. फी नाममात्र, त्यामुळे "साहेबांसाठी" वेगळं काही मागितलं तर पावती मागा. माझा अंगठा मशीन घेईना, भांडी घासून घासून रेषाच पुसल्यात म्हणे, तिथल्या शिपायाने ओला रुमाल दिला, तिसऱ्यांदा घेतला. विलला मुदत नसते, कधीही नोंदवता येतं. मजकूर कोणाला कळू नये असं वाटत असेल तर सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय आहे.

प्रोबेटबद्दल, म्हणजे विल खरं आहे असा कोर्टाकडून घ्यायचा दाखला, गोंधळ फार. पुणे, नाशिक, नागपूरकडे ते हिंदूंना सक्तीचं कधीच नव्हतं, मुंबई शहरातल्या मालमत्तेला किंवा तिथे केलेल्या विलला लागायचं, आणि उत्तराधिकार कायद्यातलं ते सक्तीचं कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. म्हणून बँका-सोसायट्या लगेच मऊ होतील असं नाही, वाद असेल तर प्रोबेट घेतलेलं बरंच पडतं.

काही जण म्हणतात विलची कटकट कशाला, आत्ताच मुलांच्या नावावर करून टाका. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की घर तुमचं राहिलं नाही, सून-जावई-कर्ज-त्यांचा स्वतःचा घटस्फोट, सगळं त्या घराला चिकटतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, सांभाळायच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही तर ते रद्द करून मागता येतं, पण त्यासाठी पोराविरुद्ध अर्ज करायला जायचं म्हातारपणी. एकदा कोर्टाच्या पायऱ्या चढून झाल्यात, पुन्हा नको. विल तुमच्या डोळे मिटेपर्यंत तुमच्या हातात असतं, मी त्याच बाजूची.

मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवू नका, तुम्ही गेल्यावर तो उघडायलाच विल लागतं. माझी घरात स्टीलच्या कपाटात, एक प्रत वकिलांकडे, आणि व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या मैत्रिणीला कुठे ठेवलंय ते माहितीये. सोबत एक वेगळा कागद, विलचा भाग नसलेला, खाती कुठे, विमा कुठे, मोबाइलचा पिन काय, घरकाम करणाऱ्या मावशींचे किती द्यायचेत, हा दर दिवाळीला नवीन लिहिते. मुलाला मूल झालं, फ्लॅट विकला, साक्षीदार गेला, असं काही झालं की विलही काढून वाचायचं, छोटा बदल असेल तर पुरवणी, तीही तशीच सही-साक्षीदारांनिशी, दोनपेक्षा जास्त बदल असतील तर सगळं नवीन.

ते २००९ चं खाकी पाकीट मी अजून टाकलेलं नाही. वकील म्हणाले ठेवा, वर लाल पेनाने "रद्द", नव्या विलची तारीख आणि सही करून ठेवा, म्हणजे कोणाच्या हाती लागलं तर लगेच कळेल. तसंच करून फाइलच्या मागच्या कप्प्यात घातलंय.